दगडातलं तळं

आईने आभाळ कोरायला घेतलं, त्या दिवसापासून आमच्या घरातली शांतता गेली.

आई शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यावर बायका जे जे करतात ते काहीच न करता ती लाकडावर चित्रं कोरायला शिकली. सपाट फळीवर चित्र काढायचं, नको तेवढं लाकूड खणून काढायचं, उरलेल्यावर काळी शाई फिरवायची आणि वर कागद दाबायचा. लाकूड ठेवलं तिथे काळं, काढलं तिथे पांढरं. ऐकायला सोपं आहे. मलाही सोपंच वाटलं होतं, म्हणून तर हे सगळं घडलं.

या वेळचं चित्र होतं आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूचं. खाली वाळत घातलेले कपडे, पाण्याच्या टाक्या, कठड्यावर एक कंटाळलेलं मांजर, आणि वर नुसतं मोठं आभाळ. ते पांढरंशुभ्र हवं, म्हणजे तेवढं सगळं लाकूड रुंद पटाशीने साफ निघायला हवं. पण तिची पटाशी बोथट झाली होती. ती लाकूड कापत नव्हती, चावत होती. मागे जे खरखरीत कंगोरे राहायचे त्यांना शाई लागायची आणि कागदावर आभाळभर काळे ओरखडे उमटायचे.

"ढग नाहीत, पाऊस नाही," आई पहिला कागद उजेडात धरून म्हणाली, "आभाळाला खरूज झालीय."

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरणार होतं आणि आईचं चित्र पहिल्यांदाच भिंतीवर लागणार होतं, तेही दारातून शिरल्या शिरल्या समोर. प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनी मात्र बजावलं होतं की शुक्रवारपर्यंत चित्र हातात आलं नाही, तर ती जागा एका सूर्यास्तवाल्या गृहस्थांना द्यावी लागेल. ते गृहस्थ फक्त सूर्यास्तच काढतात. आईचा सूर्याला विरोध नाही, पण त्याने मावळताना इतका देखावा करू नये असं तिचं मत आहे.

"धार मी लावून देतो," मी म्हणालो.

बायकोने भाजी चिरता चिरता माझ्याकडे पाहिलं. मागे मी पंखा दुरुस्त केला होता तेव्हा तिने असंच पाहिलं होतं. तो पंखा नंतर उलटा फिरायला लागला हे खरं आहे, पण फिरत होता.

आमच्याकडे ओट्याखाली धार लावायचा एक जुना दगड होता. मी तो पाण्यात भिजवला, खाली टॉवेल अंथरला, मांडी घालून बसलो आणि पटाशी घासायला सुरुवात केली. काय सांगू, पाचदहा मिनिटांतच माझ्या अंगात एक लय आली. सर्रक सर्रक असा आवाज, बोटांवर राखाडी चिखल, आणि आपण हातांनी काहीतरी करतो आहोत ही भावना. मी विमा कंपनीत उपव्यवस्थापक आहे. दिवसभर मी लोकांना त्यांचा दावा का बसत नाही हे नम्रपणे समजावतो. माझ्या हातून घडलेली वस्तू कधी कोणी उचलून पाहिलेली नाही. त्यामुळे आईच्या हातात ती चकाकती पटाशी देताना माझी छाती थोडी पुढे आली होती.

आईने फळीवर एक रेघ ओढली. पटाशी मधोमध खोल रुतली आणि दोन्ही कोपरे लाकडाला शिवलेसुद्धा नाहीत. तिने पटाशी डोळ्यांसमोर आडवी धरली.

"हिला पोट सुटलंय," ती म्हणाली आणि सवयीने माझ्या पोटाकडे पाहिलं.

खरोखरच धार सरळ राहिली नव्हती, नखासारखी गोल झाली होती. मी परत घासली. आणखी गोल झाली. जितकी मेहनत करावी तितकी पटाशी चमच्याकडे झुकू लागली. बायको म्हणाली, आता थांबा, नाहीतर आईंना आभाळ चमच्याने खावं लागेल.

अशा वेळी वरच्या मजल्यावरचे लेव्हलकाका आले. हे आयुष्यभर इमारतींची बांधकामं तपासत होते. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, तसं हे पाणसळ ठेवतात, ती बुडबुड्याची छोटी नळी. इमारतीत त्यांच्या परवानगीवाचून कोणी खिळा ठोकत नाही. काकांनी पटाशीकडे पाहिलंच नाही. त्यांनी दगड उचलला, खिडकीपाशी नेला, त्यावर पोलादी फूटपट्टी उभी धरली आणि मला वाकायला सांगितलं. पट्टीच्या दोन्ही टोकांना अंधार होता आणि मध्ये उजेडाची लांबलचक फट.

"मधोमध तळं आहे," काका म्हणाले. "वर्षानुवर्षं मध्येच घासून दगड झिजलाय. तळ्यात घासलेल्या धारेला तळ्याचाच आकार येणार. आधी दगड सपाट करा."

मला इतका आनंद झाला की मी काकांचा हात धरला. माझी चूक नव्हती. दगड वाकडा होता. आयुष्यात इतकं स्वच्छ कारण मला क्वचितच मिळालेलं आहे.

दगड सपाट करायचा आहे हे इमारतीत कळलं आणि लोकांच्या अंगात संचारलं. आमच्या इमारतीत कोणाला ताप आला तर चौकशीला कोणी येत नाही, पण दगड म्हटल्यावर प्रत्येकाकडे मत होतं. समोरचे बँकवाले म्हणाले, तेल लावा. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, यांचं ऐकू नका, हे सगळ्यालाच तेल लावा म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, दगड काढूनच टाका, नवीन बसवा. शेवटी बँकवाल्यांनी तेल सोडून दुसरी तोड काढली: जिन्याची पायरी. खरखरीत दगडी पायरीवर पाणी टाकायचं आणि आपला दगड घासायचा.

मी तळमजल्याची पहिली पायरी निवडली. पाऊण तास घासल्यावर दगडाचं तळं होतं तिथेच होतं, पण पायरीवर मात्र ताटाएवढा लखलखीत पांढरा गोल तयार झाला. इतक्या वर्षांत त्या पायरीचा मूळ रंग कोणी पाहिला नव्हता. नेमक्या तेव्हाच इमारतीच्या अध्यक्षीणबाई भाजी घेऊन आल्या. मी उभा राहिलो. त्यांनी गोलाकडे पाहिलं, मग वरच्या पायऱ्यांकडे, मग माझ्याकडे.

"हे काय केलंत तुम्ही?"

"दगड सपाट करत होतो."

"आता बाकीच्या पायऱ्या किती घाण दिसतायत," त्या म्हणाल्या. "काल कोणी नावं ठेवली नसती. आता एक तर सगळा जिना असा करून द्या, नाहीतर हा गोल पुन्हा मळवून द्या."

पायरी मळवून द्या हा आदेश मी आजवर ऐकला नव्हता. तरी पुढचे काही दिवस मी ऑफिसातून येताना त्या गोलावर बूट पुसत होतो. जाणारे-येणारे बघायचे. एका हुद्द्यावरच्या माणसाने असं पायरीपाशी रेंगाळणं बरं दिसत नाही, पण इलाज नव्हता.

दुसरी तोड दंतवैद्यांची. सपाट काचेवर पॉलिशपेपर ठेवून त्यावर दगड घासायचा. काच म्हटल्यावर मला आमच्या जेवणाच्या टेबलाची काच दिसली. यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही, कारण घरात तेवढी सपाट वस्तू दुसरी नव्हती, हे स्वतः लेव्हलकाकांनी पाणसळ ठेवून सांगितलं होतं. पॉलिशपेपर ओला झाल्यावर सरकतो हे मात्र कोणीच सांगितलं नव्हतं. कागद एकीकडे गेला, मी आणि दगड दुसरीकडे गेलो, आणि काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओरखडा उठला.

बायकोने त्या ओरखड्यावर टेबलमॅट ठेवला. तो पुरला नाही. मग दुसरा ठेवला. मग तिसरा. ते तीन मॅट एका रांगेत ठेवताना तिचा चेहरा जसा होता, त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटी लेव्हलकाकांनी खरा उपाय सांगितला. पोलादाची अगदी सपाट पट्टी मिळते, तिच्यावर हिऱ्याचा बारीक चुरा पक्का बसवलेला असतो. तिला डायमंड प्लेट म्हणतात. हिऱ्यापुढे कुठल्याच दगडाचं चालत नाही. हे आधीच का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. काका म्हणाले, "तुम्ही इतक्या उत्साहात होता, मोडवत नव्हतं."

मी तिथल्या तिथे फोनवरून प्लेट मागवली. बुधवारी ती यायची होती. त्याऐवजी बुधवारी निरोप आला की पार्सल रोखून ठेवलं आहे, समक्ष भेटा. गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पार्सल कचेरीत गेलो. खिडकीमागच्या साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"पाकिटावर डायमंड लिहिलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "मौल्यवान वस्तू साध्या पार्सलने पाठवता येत नाहीत."

"त्यात हिरे नाहीत. हिऱ्याचा चुरा आहे."

"म्हणजे हिरेच. बारीक."

"तो पोलादावर चिकटवलेला आहे."

"म्हणजे दागिना."

मी म्हणालो, "साहेब, त्याने मी दगड घासणार आहे." हे वाक्य मी जरा मोठ्याने बोललो असणार, कारण माझ्यामागची रांग एकदम गप्प झाली. साहेबांनी सहानुभूतीने विचारलं, "कोणता दगड?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं: आई, आभाळ, पटाशीचं पोट, दगडातलं तळं, शुक्रवार, सूर्यास्तवाले गृहस्थ. सांगता सांगता मला असा जोर चढला की मी काउंटरवरच्या शिक्क्याच्या पॅडची शाई बोटाला लावून धार कशी गोल होते ते कागदावर काढून दाखवलं. रांगेतल्या एका बाईंनी आमच्याही सुऱ्या तशाच झाल्यात असं सांगितलं. एका आजोबांना दाढीच्या वस्तऱ्याची आठवण झाली. साहेबांच्या मागे बसलेले दोघे कर्मचारी उठून आले. सर्वांसमक्ष पार्सल उघडायचं ठरलं.

आतून निघाली एक करड्या रंगाची पट्टी. रांगेने जो सुस्कारा सोडला त्यात निराशा होती हे मान्य करायला हवं. साहेबांनी तिच्यावर अंगठ्याचं नख फिरवलं. नखाचा कोपरा पांढरी पूड होऊन खाली पडला. त्यांनी दुसऱ्या बोटाचं नख फिरवलं. मग तिसऱ्या. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"वस्तू चांगली आहे," ते म्हणाले. "पण डायमंड या शब्दाखाली मला ती सोडता येणार नाही. तुम्ही काही घासणार आहात ना तिने?"

"हो."

त्यांनी पाकिटावरचा शब्द खोडला, वर 'किसणी' असं लिहिलं, सही केली आणि प्लेट मला दिली. निघताना रांगेने मला शुभेच्छा दिल्या. आमच्या कंपनीतून वीस वर्षांनी बाहेर पडेन तेव्हाही इतक्या मिळतील असं वाटत नाही.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती, तीही फक्त 'हिरा' एवढीच, कारण रांगेतल्या बाई अध्यक्षीणबाईंच्या नणंद निघाल्या. जिन्यात मला कोणी अडवलं नाही, उलट वाट दिली. दार उघडलं तेव्हा बायकोच्या आजूबाजूला शेजारणी बसल्या होत्या आणि बायको केस नीट करून उभी होती.

मी प्लेट पुढे केली.

तिने ती दोन्ही बाजूंनी पाहिली. "लग्नाला इतकी वर्षं झाली," ती म्हणाली. "घरात पहिला हिरा आला, तो दगडासाठी."

शेजारणी आपापल्या घरी गेल्या. मी वेळ न घालवता कामाला लागलो. या वेळी ओट्यावर, नळाखाली, आई आणि लेव्हलकाकांच्या देखरेखीखाली. आधी दगडावर शिसपेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा मारायच्या, मग पाणी सोडून वरून प्लेट फिरवायची. जिथे दगड उंच तिथल्या रेघा आधी पुसल्या जातात. खोल जागेतल्या शेवटपर्यंत राहतात. सगळ्या गेल्या की दगड सपाट.

पहिल्या दहाबारा फेऱ्यांतच कडांच्या रेघा गेल्या आणि मध्ये रेघांचं एक लांबट बेट उरलं. ते आमचं तळं. ज्याने माझी अब्रू घेतली होती, त्याचा आज पहिल्यांदा नीट नकाशा दिसत होता. भूगोलाच्या बाईंना राहवेना. "पूर्वेचा किनारा मागे हटतोय," आई म्हणाली. काका वाकून पट्टी लावत होते. बायको लांब उभी राहून दुसरं काहीतरी करत असल्याचं दाखवत होती, आणि थोड्या वेळाने माझ्या खांद्यावरून वाकून "तो डावा कोपरा राहिलाय" म्हणत होती. राखाडी पाणी वाहत होतं, बेट लहान होत होतं. लिंबाएवढं उरलं, मग नाण्याएवढं, मग एकच रेघ, मग तिचा एक ठिपका. आम्ही चौघेही श्वास रोखून होतो. ठिपका गेला.

"झालं," काका म्हणाले.

मी प्लेट उचलायला गेलो आणि प्लेटबरोबर दगडही वर आला. दोन्ही इतके सपाट झाले होते की मधल्या पाण्याने एकमेकांना चिकटून बसले होते. सपाटपणाचा यापेक्षा मोठा पुरावा नाही असं काका म्हणाले. ते खरं असेल, पण पुरावा सुटत नव्हता. मी दगड धरला, काकांनी प्लेट धरली आणि आम्ही ओढलं. काही नाही. बायको म्हणाली, गरम पाणी. काका म्हणाले, थंड पाणी. आई म्हणाली, "ओढू नका, आडवं सरकवा." पण तेव्हा मी एक पाय ओट्याखालच्या कपाटाला लावून पूर्ण ताकद काढत होतो. माझ्यासारख्या माणसाला एकदा जोर चढला की सल्ला ऐकू येत नाही.

फट् असा आवाज आला. प्लेट काकांकडे राहिली. मी फ्रीजवर आपटलो. दगड हातातून उडून जमिनीवर पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

मी खाली बसलो. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. इतकं घासून, इतकं पळून, रांगेसमोर आईचं नाव काढून मी तिचा एकुलता एक दगड फोडला होता. भिंतीवरची ती जागा, तिथे भगवा सूर्य मावळताना मला स्पष्ट दिसायला लागला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते फ्रीज लागल्यामुळे असं मी सांगितलं.

आईने मोठा तुकडा उचलला. धुतला. त्यावर पट्टी उभी धरून खिडकीकडे केली. पट्टीखाली कुठेही उजेड नव्हता.

"माझी पटाशी दोन बोटं रुंद," ती म्हणाली. "मला मैदान कशाला हवंय?"

तिने प्लेटने तुकड्याच्या तुटक्या कडा घासून गोल केल्या, हाताला लागू नयेत म्हणून. मग पटाशी घेतली आणि स्वतः धार लावायला बसली. मी शेजारी पाणी घालत होतो. ती घाई करत नव्हती. पाठ घासायची, बघायची, पुढून घासायची, बघायची. पोट उतरलं. धार सरळ झाली. तिने फळी पुढे ओढली, आभाळाच्या एका कडेला पटाशी टेकवली आणि हलकेच पुढे रेटली. लाकडाचं एक लांब, पातळ, न तुटलेलं सालपट वळत वळत वर आलं आणि टेबलावर पडलं. खाली जे लाकूड उघडं पडलं ते इतकं गुळगुळीत होतं की काकांनी खिशाकडे हात नेला आणि परत घेतला.

"हं," आई म्हणाली. तिला मी ओळखतो. एवढं कौतुकही ती सहसा करत नाही.

आभाळ तिने त्याच दिवशी साफ केलं. जेवायला उठली नाही, बायकोने तिला घास भरवले. शुक्रवारी सकाळी कागद फळीवरून सोलला तेव्हा खाली कपडे, टाक्या, मांजर आणि वर एकही ओरखडा नसलेलं पांढरं आभाळ होतं. शाई अजून ओली असल्यामुळे मी ते चित्र टॅक्सीत दोन्ही हातांनी आडवं धरून नेलं, आणि प्रत्येक वळणावर चालकाला हळू घ्यायला सांगितलं. त्याने शेवटी विचारलं, आत जिवंत काही आहे का.

प्रदर्शनाच्या दिवशी चित्र दारासमोरच होतं. सूर्यास्त आत, खांबामागे. आम्ही सगळे कडक इस्त्रीचे कपडे घालून बाजूला उभे होतो. माझ्या मनात होतं की कोणी विचारलं तर आपला हुद्दा सांगावा की नको. इतक्यात पांढऱ्या केसांच्या एक बाई चित्राजवळ आल्या. त्यांची चित्रं मोठमोठ्या ठिकाणी लागतात असं मागून कोणीतरी कुजबुजलं. त्या मांजराकडे पाहत नव्हत्या, टाक्यांकडे पाहत नव्हत्या. चष्मा काढून, नाक चौकटीच्या काचेला लावून आभाळाकडे पाहत होत्या.

"इतकं साफ कसं काढलंत?" त्यांनी आईला विचारलं. "माझ्याकडे कायम कंगोरे राहतात."

"दगड सपाट ठेवते," आई म्हणाली. मग तिने माझा दंड धरून मला पुढे ओढलं. "हा माझा मुलगा. दगड हाच सपाट करतो."

बाईंनी माझ्याकडे आदराने पाहिलं. ऑफिसात माझ्याकडे कोणी असं पाहिलेलं नाही. मी काहीतरी म्हणालो, काय ते आठवत नाही, बहुधा पेन्सिलीच्या रेघांबद्दल होतं आणि बरंच लांबलं. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"माझ्याकडे चार दगड आहेत," त्या म्हणाल्या. "चारही मध्ये खचलेत. याला या रविवारी पाठवाल का?"

"रविवारी जमणार नाही," आई म्हणाली. "माझ्या बारीक पटाश्या राहिल्यात."

"त्याच्या आधी घरच्या सुऱ्या," बायको म्हणाली.

"मग त्याच्या पुढच्या रविवारी," बाई म्हणाल्या.

"ते आत्ताच कसं सांगणार," आई म्हणाली.

तीन बायका माझ्यासाठी वाद घालतायत असा प्रसंग माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. मी हाताची घडी घातली, चेहरा गंभीर केला आणि तो वाद होईल तेवढा लांबू दिला.